मका, भुट्टा आणि कालचं जेवण

किस्से घडतात म्हणून साठत नाहीत. घडत तर सगळ्यांकडेच असतात. पण घरी गेल्यावर ‘अगं, आज काय झालं माहितेय का!’ म्हणून सांगायला कोणी असलं, की ते त्याच दिवशी संपून जातात. माझे संपत नाहीत. आई गेल्यापासून नालवाडीच्या घरात मी एकटीच असते, आणि भिंतींना किस्से सांगण्याची वेळ अजून आलेली नाही!

मी आहारतज्ज्ञ. वर्ध्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात एक्स-रेच्या पुढे, कॉरिडॉरच्या पार टोकाला आमची खोली आहे. खोलीत वजनकाटा, दोन टेबलं, मी आणि शरयू. शरयू नवीन लागलेली, हुशार आहे आणि सतत हसत असते. डॉक्टरांचं बोलून झालं की ते पेशंटला म्हणतात, ‘जरा डाएटच्या मॅडमना भेटून घ्या.’ मग पेशंट धापा टाकत आमच्यापर्यंत येतो, आणि आम्ही त्याला आमचा ठरलेला प्रश्न विचारतो, ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’

या प्रश्नाला माणसं जितकं खोटं बोलतात, तितकं कोर्टातही बोलत नसतील.

यंदा भुट्ट्याच्या दिवसांत आम्ही ‘मक्याचा आठवडा’ ठेवला होता. भिंतीवर पोस्टर, टेबलावर कणसं, दाणे, पीठ, लाह्या अशी मांडामांड. त्या आठवड्याच्या आगेमागे जे जे झालं, ते सांगते.

*

पहिले आले ते एक रिटायर्ड हेडमास्तर. शुगर वाढलेली, सोबत बायको. ‘काल काय खाल्लं?’ तर म्हणाले, ‘दोन पोळ्या, भात, वरण, भाजी आणि एक भुट्टा.’

‘सर, भुट्टा खायचा तर भात सोडायचा,’ मी म्हटलं.

‘का? भुट्टा तर भाजी आहे. भाजीबाजारात मिळतो!’

मी त्यांना समजावलं. मका हे धान्य आहे, त्यात पिष्ट भरपूर. तंतू चांगले असतात, पोट भरलेलं राहतं, पिवळ्या दाण्यात डोळ्यांच्या कामाचंही काही असतं. गहू ज्यांना चालत नाही त्यांनाही तो चालतो. पण शुगरच्या हिशेबात तो भाताच्याच रांगेत बसतो. सर मान हलवत होते, आणि ती मान ‘पटत नाही’ अशीच हलत होती.

तेवढ्यात त्यांच्या मिसेस शांतपणे म्हणाल्या, ‘दर संकष्टीला यांना भुट्टा हवा असतो. मी दर संकष्टीला सांगते, धान्य आहे, उपासाला चालत नाही.’

सर म्हणाले, ‘तू धार्मिक सांगत होतीस. या मेडिकल सांगताहेत!’

दोघं भांडतच कॉरिडॉरमधून गेले. पार एक्स-रेपर्यंत त्यांचा आवाज येत होता. मी ऐकत उभी राहिले. खरं सांगायचं तर मला हेवा वाटला.

*

आमच्या गेटसमोर शेगडी मांडून एक भुट्टेवाला भाऊ बसतो. कोणीतरी मोबाइलवर फिरवलं की मक्याच्या कणसाचे केस उकळून पाणी प्यालं, की मुतखडा विरघळतो. झालं! हॉस्पिटलात मुतखड्याला काय तोटा? आम्ही पेशंटना सांगून दमलो की आधी डॉक्टरांना विचारा, साधं पाणी भरपूर प्या.

एका संध्याकाळी मी भुट्टा घ्यायला थांबले, तर भाऊ वैतागून बसलेला.

‘काय झालं हो भाऊ?’

‘काय सांगू मॅडम! लोकं येतेत, केस उपटतेत, पिशवीत भरतेत अन् चालले जातेत. भुट्टा कोनी घेऊन नाई राह्यलं. मी भुट्टेवाला हावो का न्हावी?’

मी इतकी हसले की रस्त्यावरचे लोक बघायला लागले. मग त्यानं भुट्टा भाजला, लिंबू-मीठ चोळलं आणि सवयीनं विचारलं, ‘एकच देऊ?’

‘एकच,’ मी म्हटलं. हसू तिथंच संपलं.

*

आता बापूराव काकांबद्दल. पुलगावकडच्या एका खेड्यातले शेतकरी. थोडी शेती, ती दुसऱ्याला बटाईनं कसायला दिलेली. मुलगा पुण्यात. काकू मागच्या हिवाळ्यात गेल्या. काकांना हर्नियाचं ऑपरेशन करायचं होतं, पण अंगात काही उरलंच नव्हतं. सर्जननी स्पष्ट सांगितलं, ‘वजन वाढल्याशिवाय मी हात लावणार नाही. डाएटच्या मॅडमना भेटा.’ हर्निया दुखायचा. काका पोटावर हात दाबूनच चालायचे. म्हणजे ऑपरेशन अडलं होतं जेवणावर, आणि जेवण अडलं होतं माझ्यावर!

पहिल्या भेटीत मी विचारलं, ‘काका, काल काय खाल्लं?’

‘चाय घेतला जी.’

‘चहासोबत काय?’

‘चायसंगं? मंग अजून एक चाय घेतला.’

शरयू खुदकन हसली. काकाही हसले. मी त्यांना दोन वेळच्या जेवणाचं नीट सांगून पाठवलं.

पुढच्या महिन्यात आले ते तयारी करूनच. ‘काल काय खाल्लं?’ म्हणताच सुरू झाले, ‘सकाळी ज्वारीची भाकर, तुरीच्या दान्याची आमटी. दुपारी भुट्ट्याचे वडे, कढी. राती वांग्याची भाजी, खिचडी, वरतून कच्चं तेल.’ सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की मीही खूश झाले. मग काट्यावर उभं केलं. काटा मागच्या वेळेपेक्षा खाली!

‘काका, हे सगळं काल खाल्लं?’

ते काट्यावरून उतरले, चप्पल घातली, मग म्हणाले, ‘काल नाई जी. पन तुमी खाल्लेलं विचारलं, त आठवलं.’

शरयू या वेळी हसली नाही. मला घरी जाईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. काकूंच्या हातचं जेवण काकांनी मला अख्खं वाढून दाखवलं होतं, आणि ते त्यांच्या पोटात नव्हतं.

*

शरयूचाही एक किस्सा. एका आईला तिनं सांगितलं, ‘मुलाला कधीमधी मक्याच्या पिठाची भाकरी द्या.’ बाई दोन दिवसांनी तणतणत आल्या.

‘तुमचं ते मक्याचं पीठ! भाकरी थापली नाई मॅडम, ओतली! तव्यावर चिकटली, त निघताच निघेना. तवाच भिजत घालून आली मी!’

त्यांनी पिशवीतून पुडा काढला. पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर! सूप दाट करायला वापरतात ते. त्यात नुसतं पिष्ट, ना तंतू ना काही. भाकरीचं पीठ पिवळं, अख्ख्या दाण्याचं, चक्कीवरून दळून आणायचं.

शरयूनं माफी मागितली, सगळं परत समजावलं. बाई जाता जाता म्हणाल्या, ‘बरं झालं सांगतलं. पन पुडा वाया नाई गेला, त्यानं मी काल आमच्या ह्यांच्या धोतराले मस्त खळ घातली.’

*

आता माझीच फजिती. एका रविवारी लाह्या कराव्यात म्हटलं. मक्याच्या आठवड्यासाठी आणलेले लाह्यांचे दाणे उरले होते. आई असताना आम्ही मोठ्या पातेल्यात करायचो, तेच पातेलं काढलं. मुठीनं दाणे टाकत गेले. आईची एक मूठ, माझी एक मूठ, तशाच टाकल्या. फटाफट फुटायला लागले, झाकण उचललं गेलं, ओट्यावर, जमिनीवर, फ्रिजखाली लाह्याच लाह्या!

डबा भरून शेजारी द्यायला गेले. त्यांच्या दाराला कुलूप. सगळे नागपूरला लग्नाला गेलेले. वरच्या मजल्यावर गेले, तर तेही त्याच लग्नाला!

डबा घेऊन परत आले. पुढे कितीतरी दिवस माझं संध्याकाळचं जेवण लाह्या आणि दूध. एकटीसाठी कुकर कोण लावणार? पेशंटला मी रोज सांगते की जेवण टाळू नका, आणि स्वतः ओट्याशी उभ्या उभ्या वाटी संपवते. सोमवारी एका पेशंटनं विचारलं, ‘लाह्या चालतात का मॅडम?’ मी ऐटीत म्हटलं, ‘उत्तम! तेलमीठ कमी. हलक्या असतात, तंतू असतात.’

‘एकट्याले किती घ्याव्या?’

‘मूठभर,’ मी म्हटलं. कोणाच्या मुठीनं, ते सांगितलं नाही.

*

आणि आता काकांचं राहिलेलं.

मक्याच्या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही वेटिंग हॉलमध्ये शेगडी लावून पदार्थ करून दाखवला. मक्याच्या कण्यांची खिचडी. बापूराव काका पहिल्याच बाकावर बसलेले, पोटावर हात दाबून. मी सांगत होते, ‘मक्यात प्रथिनं असतात, पण अपुरी. म्हणून त्यात मुगाची डाळ घालायची. दोन्ही मिळून काम पुरं होतं.’

काका म्हणाले, ‘म्हंजे मक्काबी एकटा पुरत नाई म्हना!’

हॉल हसला. मी कण्या मोजल्या, डाळ मोजली, पाणी मोजलं आणि सगळ्यांना बजावलं, ‘हे चौघांचं प्रमाण आहे. अंदाजानं करू नका, माप पाळा.’ वरून तूप सोडलं. काकांनी वाटी निपटून खाल्ली. मला वाटलं, जमलं!

पुढच्या भेटीत काटा होता तिथंच. मी चिडलेच. ‘काका, खिचडी केली का?’

‘नाई जी.’

‘का नाही? कण्या नाही मिळाल्या?’

‘कन्या हायेत. डाळ हाये. मानसं नाई भेटले.’

‘माणसं कशाला लागतात खिचडीला?’

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच अडाणी. ‘तुमीच त सांगतलं, चौघांचं माप हाये, पाळजा म्हनून. दवाईचं माप कोनी आपल्या मनानं कमी करते काय? उद्या काई झालं म्हंजे?’

‘अहो काका, एकट्यासाठी करायची तर सगळं चौथा हिस्सा घ्यायचं!’ मी म्हटलं. शरयूनं तर त्यांना वाटीनं मोजून दाखवलं. काकांनी सगळं ऐकलं, ‘हो जी, हो जी’ केलं, आणि त्यांना अजिबात पटलेलं नाही हे मला दिसत होतं. सर्जनचा निरोप तोच, वजन वाढवा. त्या दिवशी काका कॉरिडॉरमधून जाताना भिंतीला धरून चालत होते. मला भीती वाटली. हे परत येणार नाहीत असंच मनात आलं.

महिना उलटला तरी आले नाहीत. त्याच्या पुढचा महिनाही तसाच. फोन करावा, तर त्यांच्याकडे फोन नव्हता.

मग परवा, दुपारची ओपीडी संपत आलेली. शरयू खुर्च्या लावत होती. दारात काका उभे! सोबत त्यांच्याच वयाचे दोघं, धुतलेल्या टोप्या, हातात कापडात बांधलेला पितळी डबा.

‘हा गुलाबराव,’ काकांनी ओळख करून दिली. ‘याची बायको लेकीचं बाळंतपन कराले गेली, त तिकडंच राह्यली. अन् हा मनोहर. डेपोतून रिटायर झाला. याचं कोनी नाई. घर आमचं एकाच गल्लीत, पन बोलनं नव्हतं. वावराच्या धुऱ्या-बांधावरून भांडन झालंतं, लय जुनं.’

‘मग आता?’

‘आता जेवतो संगं. रोज. माह्या घरी.’

मी काटा पुढे सरकवला. काका चढले. शरयू वाकून बघत होती. तीच आधी ओरडली, ‘मॅडम, वाढलं!’ मी त्यांना उतरवून पुन्हा चढवलं. खरंच वाढलं होतं. गाल भरले होते, मानेची हाडं दिसेनाशी झाली होती. सर्जनना फोन लावला, ते म्हणाले, ‘पाठवा, तारीख देतो.’

‘काका, झालं काम! जा, ऑपरेशनची तारीख घ्या,’ मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच चढला होता.

काका हलले नाहीत. त्यांनी माझ्या टेबलावरची कागदं एका बाजूला सारली, डबा ठेवला, कापडाची गाठ सोडली. खिचडीचा वास खोलीभर पसरला. मनोहर काकांनी पिशवीतून ताटल्या काढल्या आणि मांडल्या. मोजून चार.

‘माप तुमचंच हाये,’ काका म्हणाले. ‘कमी नाई केलं. पन आमी तिघंच. रोज एका मानसाचं उरून राह्यलं.’

शरयूचा डबा होता, तिनं तो उचलला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

गुलाबरावांनी माझी खुर्ची ओढून टेबलाजवळ आणली.