तासभर आधीचे व्याही

घड्याळाचा शोध लागला नसता तर तो आमच्या व्याह्यांनी लावला असता, आणि तोही ठरल्या वेळेच्या तासभर आधी. लीड्सच्या हॉस्पिटलात चाळीस वर्षं त्यांनी भूल देण्याचं काम केलं. माणसाला वेळेवर झोपवायचं आणि वेळेवर उठवायचं. रिटायर झाल्यावर झोपवायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून ते आम्हालाच उठवत असतात. त्यांच्या मुलाला आमची मुलगी दिली त्या लग्नात वरपक्षानं वाजतगाजत, जरा भाव खात, उशिरा यायचं की नाही? हे वरपिता हॉलवाल्याच्याही आधी हजर! कुलूप उघडेपर्यंत व्याहीभेट कार पार्कमध्येच उरकली, आणि आत गेल्यावर खुर्च्या मांडायला त्यांनी नवरदेवालाच जुंपलं. "दुपारी जेवायला येतो" असा त्यांचा फोन आला की आम्ही बेसिंगस्टोकला पहाटेच अंघोळी उरकून घेतो. बरं, लवकर आले तर बेल वाजवावी. ते नाही. गाडीतच बसून राहणार आणि वर म्हणणार, "अहो, तुमचं चालू द्या, आम्हीच जरा लवकर आलोय." म्हणजे आपण पायजम्यात आणि वर गुन्हेगार.

विहीणबाईंना मात्र घाई म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. हे गाडी सुरू करून हाक मारायचे, "अगं, निघायचं ना?" त्या आतून म्हणायच्या, "आलेच!" त्या 'आलेच'मध्ये आमचा एक चहा व्हायचा. कुलूप लावलं की देवाला हात जोडायचे राहिलेले असायचे, आणि मोटरवेला लागलं की गॅस बंद केलाय ना, ही शंका यायची. हे दातओठ खात गाडी मागे वळवायचे. गॅस एकदाही चालू सापडला नाही. "अहो, मी काय पळून जातेय का?" त्या हसत विचारायच्या. बायकोला नावानं हाक मारायची व्याह्यांच्या घरात पद्धत नव्हती. उभा संसार नुसत्या 'अगं'वर झाला. मीही त्यातलाच, तेव्हा हसायचा मला अधिकार नाही.

गेल्या वर्षी विहीणबाई तीन आठवड्यांच्या आजारात गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ह्यांच्या आधी निघाल्या.

इकडे इंग्लंडात वारलेल्या माणसाच्या आठवणीसाठी पार्कमध्ये बाक ठेवतात. जावयानं खटपट करून कौन्सिलकडून तसा एक बाक मिळवला, तोही तळ्याकाठचा. त्यावरच्या पाटीचा मजकूर तेवढा व्याह्यांनी द्यायचा होता. आणि जन्मभर सगळ्यांच्या आधी पोचलेला हा माणूस वर्ष उलटलं तरी तीन ओळी देईना! वही भरली. लिहायचे आणि खोडायचे. 'प्रेमळ पत्नी, आई आणि आजी' असं मुलानं सुचवलं, तर म्हणाले, "हे कुठल्याही बाईबद्दल लिहिता येईल." जावई इथेच जन्मलेला. तो वैतागून म्हणायचा, "बाबा, लिहा ना काहीतरी. कौन्सिल आपला वाट नाही बघणार." शेवटी पत्र आलंच: अमुक सोमवारपर्यंत मजकूर आला नाही, तर बाक यादीतल्या पुढच्या कुटुंबाला.

तो सोमवार म्हणजे आमची क्रूझ संपण्याचा दिवस. विहीणबाई असताना आम्ही चौघांनी ठरवलेली ही ट्रिप, साउथॅम्प्टनहून निघून ब्रिटनला वळसा. व्याही वही घेऊन एकटेच आले. आकाश करडं, पाणी करडं, जेवणसुद्धा करडं. सकाळच्या चहाला हे डेकवर एकटे बसलेले, अजून किटल्याही लागलेल्या नसायच्या. आमची केबिन शेजारचीच, मधली भिंत पातळ. पहिल्या सकाळी मी बूट घालत होतो, आणि पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "अगं, निघायचं ना?" मग दार लागल्याचा आवाज. आमची ही माझ्याकडे बघत राहिली. रोज सकाळी तेच. आम्ही दोघांनीही त्यांना कधी विचारलं नाही. काय विचारणार, कपाळ?

टाइन नदीच्या बंदरावर बोट लागली तेव्हा पाऊस होता. तिथून कोचनं एका रोमन किल्ल्यावर नेलं. किल्ला म्हणजे काय, गुडघाभर उंचीच्या भिंती आणि ओलं गवत. "इथे धान्याची कोठारं होती," तिकडच्या पद्धतीनं सगळ्यांना लाडानं 'पेट' म्हणणारी गाईडबाई म्हणाली, आणि आम्ही तीस जणांनी छत्र्यांखालून गवताकडे आदरानं पाहिलं. साडेअकराला कोचमध्ये परत या, असं तिनं बजावलं, तेव्हा व्याही सव्वाअकराला बसलेले असणार याबद्दल मला शंका नव्हती.

साडेअकरा झाले, पावणेबारा झाले, व्याह्यांचा पत्ता नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. हा माणूस उशीर करतो म्हणजे काहीतरी भलतंच झालं. मी धावत आत गेलो, तर हे तिथल्या छोट्या म्युझियममध्ये एका दगडासमोर उभे, आणि शेजारी गाईडबाई.

ती थडग्यावरची शिळा होती. खुर्चीत बसलेली बाई, शेजारी तिची लोकरीची टोपली. नवरा दूर सिरियाहून इथे आलेला, बायको इथली, तिशीतच गेलेली. वर लॅटिनमध्ये तिचं नाव, वय वगैरे रीतसर. आणि तळाशी वेगळ्याच वळणाची एक ओळ.

"ती त्याच्या गावच्या भाषेत आहे," गाईडबाईनं सांगितलं. "तिचं नाव, आणि शेवटी विलापाचं नुसतं 'हाय'. इथे ती वाचता येणारं क्वचितच कुणी असेल."

"मग लिहिली कुणासाठी?" व्याह्यांनी विचारलं.

"फॉर हिमसेल्फ, पेट, आय सपोज," ती हळूच म्हणाली.

व्याह्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हिला काय कळतंय! अहो, तो घरात तिच्याशी ह्याच भाषेत बोलत असणार. तिला नको का कळायला, की आपल्याशीच बोलतोय?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हा कडक माणूस रडला. मीही रडलो. बाहेर हॉर्न वाजत होता. कोचमध्ये चढल्यावर बाकीच्यांनी डोळे वटारले, पण व्याह्यांचं लक्षच नव्हतं. ते गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होते, आणि खोडत नव्हते.

मजकूर सोमवारी गेला. मराठी ओळ त्यांनी स्वतःच्या अक्षरात काढून दिली होती.

बाक बसवल्यावर त्यांनी मला लीड्सला बोलावलं, अकरा वाजता, पार्कमध्ये. अनुभवानं शहाणा झालेला मी दहालाच पोचलो. बाक रिकामा. पाटीवर वर इंग्रजीत विहीणबाईंचं नाव आणि सालं होती. खाली लिहिलं होतं:

अगं, बस निवांत. घाई नाही.

मी एका कडेला बसलो. अकरा वाजले, सव्वाअकरा वाजले. साडेअकराला व्याही तळ्याच्या बाजूनं सावकाश चालत आले आणि बाकाच्या दुसऱ्या कडेला, मध्ये एका माणसाची जागा सोडून बसले.

"उशीर झाला हो," ते म्हणाले. "अर्ध्या वाटेतून परत गेलो होतो, गॅस बंद केलाय का बघायला."

"मग? होता चालू?"

"छे," व्याही म्हणाले. "कधीच नसतो."