त्रेसष्ट शाळा आणि साहेबांचं फंक्शन

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी बाटल्या भरून आणतो. तपासणीतून आलेल्या आकड्यांचा हिशोब लावतात त्या आमच्या आकडेबाई. नऊ वर्षं कंत्राटावर आहेत. कामात चोख, पण ऐकून घेतात सगळ्यांचं, आणि मला राग येतो तो याचाच.

त्रेसष्ट शाळांच्या नळांत किती शिसं सापडलं ते बाईंकडे एका यादीत असतं. संगणकाला एकच आज्ञा दिली की प्रयोगशाळेच्या साहेबांनी लिहिलेलं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा छोटा प्रोग्रॅम, यादीतल्या एकेका शाळेवर चालतं आणि 'योग्य' की 'अयोग्य' ते सांगतं. मर्यादा वेगळी सांगितली नाही तर ते लिटरमागे पंधरा मायक्रोग्रॅम धरतं, कारखान्यांसाठीची. शाळांची मर्यादा पाच. म्हणून बाई आज्ञेतच, फंक्शनच्या नावापुढे, 'मर्यादा = ५' असं लिहून देत. अहवाल निघाला, सगळ्या शाळा योग्य. वर साहेबांची सही, खाली बाईंची.

तीन आठवड्यांनी फाइल लावताना बाईंना एका शाळेची सरासरी सात दिसली. शेरा मात्र 'योग्य'.

"सात हे पाचापेक्षा कमी कधीपासून झाले हो?" त्यांनी मलाच विचारलं.

मग त्यांनी पाचाच्या जागी शून्य घातलं. आता झाडून सगळ्या शाळा अयोग्य ठरायला हव्या होत्या. पडद्यावर पुन्हा त्रेसष्ट वेळा 'योग्य'! बाईंनी कपाळावर हात मारला.

साहेबांचं फंक्शन कुणी उघडायचं नाही, असा आमच्याकडे दंडक. बाईंनी त्या दिवशी उघडलं. वरच्या कंसात तीन टिंबं होती, म्हणजे जास्तीचं जे द्याल ते घेतो. पण खरी तुलना आतलं दुसरं फंक्शन करायचं, आणि घेतलेलं त्याच्याकडे पुढे द्यायला साहेब विसरले होते; ते आपलं पंधराच धरून बसलं होतं. बाईंचा पाच गिळून साहेबांचं फंक्शन ढेकरही देत नव्हतं. निदान बोंब तरी मारायची!

बाईंनी आतल्या फंक्शनच्या कंसातही तीन टिंबं घातली आणि मर्यादा पुन्हा पाच दिली. अकरा शाळा अयोग्य निघाल्या.

साहेब भडकले. "सही झालेला अहवाल मागे घ्यायचा? पुढच्या तिमाहीत बघू. आणि माझ्या फंक्शनला हात लावायला कुणी सांगितलं?"

"साहेब, मुलं पितात हो ते पाणी."

"तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

बाई जागेवर आल्या आणि त्यांनी सरळ अकरांतल्या पहिल्या शाळेला फोन लावला. "चूक आमच्याकडून झाली. अहवालावर माझी सही आहे. पिण्याचे नळ आत्ताच बंद करा."

मी शेजारी चरफडत उभा. साहेबांचं नाव घ्या की! पण नाही.

पलीकडे मुख्याध्यापिका होत्या. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो, तुमचा कागद आला म्हणून तर आम्ही मुलांना सांगितलं, घरून पाणी आणू नका."

बाईंनी यादीत त्या शाळेपुढे खूण केली. अजून दहा शाळांना फोन करायचा होता.