दुपट्ट्याखालचा पगार

माणसाची किंमत त्याच्या आधीच्या मालकाला विचारून ठरवणारे लोक मला तेव्हाही नकोसे वाटत, आजही वाटतात. समोर माणूस बसलेला असतो, पण यांना स्वतःचे डोळे वापरायचे नसतात.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या सुमाराची गोष्ट. वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगात कारकुनाची जागा निघाली होती. मालेगावच्या अडत दुकानातलं हिशेबाचं काम मी नुकतंच सोडलं होतं, आणि इकडे गावी, किन्हीराजाला, बायकोचे दिवस भरत आले होते. नोकरी हवीच होती. पण जुन्या पगारावर नको होती. त्यात दोघांचंच भागत नव्हतं, तिसऱ्याला काय घालणार?

जिनिंगचा मॅनेजर आमच्याच भागातला, बैलांच्या व्यापाऱ्याचा मुलगा. नागपूरला चार बुकं शिकून आला होता. तोंडातून वऱ्हाडी शब्द निसटला तर रुमालानं ओठ पुसायचा. त्यानं माझं अक्षर पाहिलं, बेरजा पाहिल्या, मान डोलावली. मग म्हणाला, मालेगावच्या तुमच्या शेठजींकडून पगाराचा दाखला आणा, म्हणजे तुमचा आकडा ठरवू.

मी म्हटलं, काम इथलं, पगार इथला, यात शेठजी कुठून आले? तर म्हणे, पद्धत आहे. मग मी विचारलं, आधीच्या कारकुनाला तुम्ही काय देत होता? ते म्हणे खाजगी. यांचं ते खाजगी, आणि माझं मात्र दाखल्यावर लिहून टेबलावर ठेवायचं. असल्या माणसापुढे खुर्चीच्या कडेवर टेकून बसावं लागलं, याचीच मला चीड आली.

आमच्याकडे बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्ट्याखाली हात घालून बोटं दाबतात; आकडा दोघांनाच कळतो. मला काय सुचलं कोण जाणे, मी खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकला आणि हात पुढे केला.

"दाखला राहू द्या साहेब. तुमाले काय परवडते ते सांगा."

व्यापाऱ्याचाच मुलगा तो. विचार करायच्या आत त्याचा हात दुपट्ट्याखाली आला आणि त्यानं बोटं दाबली. तो माझा जुना पगार होता, अगदी तंतोतंत.

म्हणजे शेठजीला विचारून हा केव्हाच मोकळा झाला होता.

"तुमाले तर मालूम आहे," मी म्हणालो. "मंग दाखला कायले मांगून राह्यले?"

त्यानं हात ओढून घेतला. "तुमी खरं सांगता का नाही, ते पाहाचं होतं मले," म्हणाला. ओठ पुसायचं मात्र विसरला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपट्टा झटकून मी बाहेर पडलो. घरी सांगितलं तेव्हा बायको माझ्यावर भडकली, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मुलगी झाली तेव्हा मी मेहुण्याच्या मळ्यातली मेथी घेऊन वाशीमच्या बाजारात बसत होतो. कमाई जिनिंगच्या पगारापेक्षाही कमी होती. पण गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करून पाहायचं, घासाघीस करायचं, घ्यायचं नाहीतर पुढे जायचं. काल दुसऱ्याला काय भावानं दिली याची चिठ्ठी आण, असं मला तिथे कोणी म्हटलं नाही.