पॉमेरियनला दूध आलं तेव्हा

माझं पहिलं मूल जन्मतःच गेलं. त्यानंतर काही महिन्यांनी हे पणजीहून एक पांढरी पॉमेरियन कुत्री घेऊन आले. यांच्या ऑफिसातले एक साहेब बदली होऊन चालले होते, त्यांच्या घरची. घरात जीव असला की तुझंही मन रमेल, असं यांचं म्हणणं.

आमचं घर डिचोलीत, रस्त्याला लागून. दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे आणि संध्याकाळपर्यंत कुत्री धुळीने तांबडी व्हायची. मी तिला ओल्या फडक्याने पुसायची, कानामागच्या गाठी फणीने सोडवायची, दारावर येणाऱ्या पोदेराकडचा पाव दुधात कुस्करून घालायची. हात चालत असत, एवढंच.

त्या हिवाळ्यात गोव्यात कोकणी की मराठी, असं राजभाषेचं आंदोलन पेटलं. रस्त्यांवर झाडं आडवी पडली, बसगाड्या बंद झाल्या. त्याच सुमारास कुत्रीने खाणं सोडलं आणि ती खाटेखाली जाऊन बसली. वाकून बघितलं तर तिला दूध आलेलं. पिल्लं नव्हतीच, ती कधी घराबाहेर एकटी गेली नव्हती. यांचा एक मोजा पोटाशी धरून ती चाटत होती. कुणी हात पुढे केला की गुरगुरायची.

हे काठीने मोजा ओढायला निघाले. सासूबाईंनी अडवलं.

"तिका रवं दी," त्या म्हणाल्या. "आपशीच उठतली."

माझ्या बाळासाठी शिवलेली दुपटी त्यांनीच कुणाला तरी देऊन टाकली होती, मी बाळंतिणीच्या खोलीत असतानाच. हे बाहेर गेल्यावर त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या.

"तेव्हा तुका विचारूक होयां होतां."

मी "बरं" म्हटलं.

रस्ते मोकळे झाल्यावर तिला गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. कुत्र्यांत असं होतं, गाभण नसतानाही दूध येतं, आपोआप आटेल, असं ते म्हणाले. बाळ गेल्यावर दूध आटावं म्हणून माझ्या छातीवर मोगऱ्याची फुलं बांधली होती, ते आठवलं. आठवलं, पण रडू आलं नाही.

एका सकाळी ती आपणहून बाहेर आली, पाणी प्यायली आणि दारात उन्हाला पडली. मी खाटेखालचा मोजा काढून धुतला, वाळत घातला. मग फणी घेऊन तिच्याजवळ बसले. फार गाठी झाल्या होत्या. दुपारपर्यंत सोडवत होते.