तिसऱ्या फेरीनंतरचा चहा

आमच्या सड्यावर पन्नाशी ओलांडलेल्या माणसांची मोटारसायकलची शर्यत होते, असं मी कॉलेजात सांगितलं तेव्हा मैत्रिणींना वाटलं, मी काहीतरी उलटसुलट सांगते आहे. एक म्हणाली, बैलांची असेल. मी म्हटलं, नाही, मोटारसायकलचीच, आणि माझे बाबा त्यात असतात. मग त्या हसल्या आणि मलाही पुढे सांगायचा संकोच वाटला. म्हणून आता लिहून बघते आहे. बोलण्यापेक्षा लिहिताना मला जरा धीर येतो.

सडा म्हणजे आमच्या वाडीच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. पावसाळ्यात तिथे गवत आणि पाण्याची डबकी असतात. जानेवारीपर्यंत सगळं वाळून काळा कातळ उघडा पडतो, आणि मधूनमधून लाल मातीचे पट्टे. एका कडेला चिऱ्यांची जुनी खाण आहे, आता बंद पडलेली. शर्यतीची वाट गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, धरून जाते, खाणीत उतरते, दुसऱ्या अंगाने वर चढते, आइनाच्या एकट्या झाडाजवळून वळसा घेऊन परत शर्यतीच्या मांडवाशी येते. अशा पाच फेऱ्या.

हे सुरू केलं तिघांनी. एक एसटीवाले काका, ज्यांनी आयुष्यभर घाटातून गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा पाय टिकेना. दुसरे खाणवाले काका, जे पूर्वी याच खाणीत चिरे काढत. तिसरे माझे बाबा. बाबांनी मुंबईत वीसेक वर्षं मोटारसायकलवरून पार्सलं पोचवली आणि गावी परत येताना तीच गाडी घेऊन आले. तिचे मडगार्ड काढले, मागे बटणांसारखे उंचवटे असलेला टायर घातला आणि सड्यावर नेली. पुढे आजूबाजूच्या वाड्यांतले चौघे येऊन मिळाले. त्यांतल्या एकाला पन्नाशीला दोन वर्षं कमी होती. एरवी वय चोरणारा माणूस, पण शर्यतीसाठी तो सगळ्यांना आपले पांढरे केस दाखवत फिरला. शेवटी एसटीवाले काका म्हणाले, घ्या त्याला, दिसतो तर साठीचा.

दोन वर्षांपूर्वी, पावसाच्या तोंडावर, सराव करताना बाबा खाणीच्या उतारावर पडले. खांद्याचं हाड मोडलं. त्या वर्षी भाताची लावणी आईने एकटीने रेटली. सकाळी बाबांना अंघोळ घालायची, मग शेतात जायचं, दुपारी येऊन भाकऱ्या थापायच्या. ती तेव्हा काही बोलली नाही. यंदा शर्यतीच्या आदल्या आठवड्यात, जेवताना, ती बोलली.

"न पडता, न थांबता पाच फेऱ्या मारल्यात, तर गाडी तुमची. नाहीतर चावी माझ्याकडे. बाजाराला जायचं असेल तेव्हा मागायची."

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो त्यांनी आमटीत बुडवला, पण तोंडात घातला नाही. मग म्हणाले, "बरं."

मी आईच्या बाजूने होते की बाबांच्या, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांचा खांदा आजही पाऊस आला की दुखतो. पण रविवारी सड्यावरून परत येताना त्यांचा चेहरा जसा असतो, तसा तो दुसऱ्या कशानेच होत नाही.

सरावाची त्यांची एक रीत होती. दर रविवारी तीन फेऱ्या मारायच्या. जुनी इंजिनं त्याहून जास्त तापवायची नाहीत, असं एसटीवाल्या काकांचं म्हणणं. तिसऱ्या फेरीला आइनाजवळ डावीकडे वळायचं आणि सरळ आमच्या काजूच्या बागेत जायचं. तिथे मांगर आहे, म्हणजे बागेतली अवजारं ठेवायची छोटी झोपडी. बाबा पुढे, बाकीचे मागून. बाबांनी उतरून बागेचं बेडं उघडायचं, बांबूचं फाटक आहे ते, मग तीन दगडांवर चहा. हे गेली कित्येक वर्षं चाललं आहे.

शर्यतीच्या दिवशी सकाळपासून सड्यावर माणसं जमली. फक्कीने वाट आखली होती. मांडवात एक टेबल, त्यावर वाडीचा लाउडस्पीकर. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून माइक माझ्या हातात आला. मी कधी चारचौघांत बोललेले नव्हते. शेजारी एक निवृत्त गुरुजी पाटी-खडू घेऊन फेऱ्या मोजायला बसले होते. ते म्हणाले, जे दिसतं ते सांगायचं, दुसरं काही नाही. हे मला जमण्यासारखं वाटलं.

एकूण नऊ गाड्या. सात आमच्याकडच्या, दोन पाहुण्यांच्या. पाहुणे चिपळूणकडून आले होते. एक अलोऱ्याचे, गुडघ्यापर्यंतचे बूट घातलेले, दुसरे त्यांचे मेहुणे. आई मांडवात थांबली नाही. पाण्याचा हंडा घेऊन ती खाणीच्या उताराच्या तोंडाशी जाऊन बसली. जिथे बाबा पडले होते तिथेच.

नारळ फुटला. सगळ्यांनी एकदम किका मारल्या. एवढा आवाज झाला की मी माइकवर काय बोलते आहे, ते मलाच ऐकू येईना. निशाण खाली आलं आणि लाल धूळ उठली. धुळीतून पहिली बाहेर आली ती बाबांची गाडी.

मी काय काय बोलले ते मला पुढे लोकांनी सांगितलं. मी म्हणे सारखं "पुढे आहेत, पुढे आहेत" एवढंच म्हणत होते. पण खरंच ते पुढे होते. गाडीवर उभे राहून, गुडघे थोडे वाकवून ते कातळावरून असे जात होते की दगड जणू त्यांच्या ओळखीचे होते. पाहुण्यांना कातळाचा अंदाज नव्हता. ते मागेच जपून चालले होते. आमचे सातही जण एका ओळीत बाबांच्या मागे होते.

खाणीचा उतार टेबलापासून दिसत नव्हता. तिथे आई दिसत होती. गाड्या खाली उतरल्या की ती उठून उभी राहायची, आणि त्या पलीकडून वर आल्या की बसायची. पहिल्या फेरीला तसंच झालं. दुसऱ्या फेरीलाही. मी बाबांकडे कमी आणि आईकडे जास्त बघत होते.

तिसरी फेरी. आई उठली, आई बसली. बाबा आइनाच्या झाडाशी आले. तिथून उजवीकडे वळून मांडवाकडे यायचं. मी माइक तोंडाशी नेला होता, आता तीन फेऱ्या झाल्या असं सांगायला. आणि बाबा डावीकडे वळले.

त्यांच्या मागोमाग एसटीवाले काका वळले. मग खाणवाले काका. मग सगळे. सात गाड्यांची धूळ सड्यावरून शिस्तीत आमच्या बागेकडे निघाली.

मी माइकमधूनच म्हटलं, "बाबा, तिकडे कुठे?"

सगळा मांडव हसला. गुरुजींनी डोक्याला हात लावला. आता पाहुणे आइनाशी आले, डावीकडच्या धुळीकडे बघून जरा घुटमळले, फक्कीची रेघ बघितली आणि उजवीकडे वळून आमच्यासमोरून निघून गेले. गर्दीतली एक म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "गेलाच आहे बागेत, तर येताना जळणाच्या दोन फाटी तरी बांधून आण म्हणावं."

बागेत काय झालं ते एसटीवाल्या काकांनी नंतर मला सांगितलं. बाबा बेड्यापाशी थांबले. गाडी स्टँडला लावली. उतरले. बेड्याचा वरचा बांबू काढला. खालच्याला हात घालणार, तेवढ्यात मागून काकांनी विचारलं, "दूध आणलंयस काय रे?" तेव्हा बाबा तसेच वाकलेले राहिले. मग सावकाश सरळ झाले आणि म्हणाले, "आज शर्यत आहे."

बागेची वाट दोन्ही बाजूंनी गडग्यांची, एक गाडी जेमतेम जाईल एवढी. एकमेकांना पुढे काढायला जागाच नाही. प्रत्येकाने जागच्या जागी गाडी वळवली. त्यामुळे सगळ्यात शेवटचा होता तो पहिला झाला, आणि बाबा सगळ्यात शेवटी.

आइनापाशी धूळ पुन्हा दिसली तेव्हा मांडवातली सगळी माणसं उठून उभी राहिली होती. गाड्या एकेक करून फक्कीच्या वाटेला लागल्या. केस दाखवणारे काका पुढे, आणि आपण अचानक पुढे कसे आलो याचं त्यांनाच नवल वाटत असावं. कारण ते सारखं मागे वळून बघत होते. बाबा शेवटून पहिले.

चौथ्या फेरीत बाबांनी पाच जणांना मागे टाकलं. गडग्याच्या कडेने, जिथे कोणी जात नाही अशा दगडांवरून. मी आता जे दिसतं ते सांगत नव्हते. मी नुसती ओरडत होते, आणि मला लाजही वाटत नव्हती. गुरुजींचा खडू हातातून पडला होता.

पाचव्या फेरीला पाहुणे पुढे, मग खाणवाले काका, मग बाबा. चौघे एकापाठोपाठ खाणीत उतरले. आई उठली. अलोऱ्याचे पाहुणे वर आले. त्यांचे मेहुणे आले. खाणवाले काका आले. आई बसली नाही. ती दोन पावलं पुढे गेली आणि वाकून खाली बघायला लागली. माझ्या हातातला माइक मी छातीशी धरला होता, आणि लाउडस्पीकरमधून माझ्या श्वासाचा आवाज येत होता.

मग आई मागे सरली. बाबा वर आले, वाकडेतिकडे, एक पाय कातळावर घासत, पण गाडीवर. मागचं चाक मुरमावर घसरलं होतं. पायाच्या टेकूने त्यांनी गाडी सावरली होती. आइनाजवळ या वेळी ते उजवीकडे वळले. ते चौथे आले.

अलोऱ्याच्या पाहुण्यांना हार घातला. त्यांनी आपले बूट काढून पाय मोकळे केले. टाळ्या चालू होत्या. बाबांनी हेल्मेट काढलं, गाडीची चावी काढली आणि ती हातात धरून ते उभे राहिले. आई हंडा कडेवर घेऊन सड्यावरून येत होती. ती पोचेपर्यंत ते हलले नाहीत.

ती जवळ आली तेव्हा बाबांनी चावी पुढे केली. म्हणाले, पडलो नाही, पण थांबलो होतो, बेड्यापाशी. उतरलोही होतो. एसटीवाले काका मध्ये पडायला लागले, की ते थांबणं शर्यतीत धरायचं नाही, ती चूक सगळ्यांचीच आहे. बाबांनी हातानेच त्यांना गप्प केलं.

आईने चावी घेतली. ती तिने पदराच्या टोकाला बांधायला घेतली आणि गाठ मारता मारता थांबली.

"बेडं लावून आलात का?"

बाबा विचार करायला लागले. त्यांनी काकांकडे बघितलं. काकांनी खाणवाल्या काकांकडे. कोणालाच आठवेना. पहिला बांबू काढला, एवढं नक्की होतं. परत लावला का, ते कोणी सांगेना.

"मोहोर आलाय काजूला," आई म्हणाली. "आणि सगळ्या वाडीची गुरं सोडलेली आहेत आज, राखणारे सगळे इथे शर्यत बघत बसलेत."

तिने गाठ सोडली. चावी बाबांच्या हातावर ठेवली.

"जा, लावून या. आणि त्या उतारावरून जाऊ नका, सरळ जा."

बाबांनी चावी लावली. एकाच किकेत गाडी चालू झाली. त्यांच्या मागे एसटीवाल्या काकांनी किक मारली. मग खाणवाल्यांनी. केस दाखवणारे काका तर आधीच गाडीवर बसलेले होते. अलोऱ्याचे पाहुणे हार घातलेलेच पुढे आले आणि आईला विचारायला लागले, ही सगळी मंडळी पुन्हा कुठे निघाली.

"चहाला," आई म्हणाली. "तुम्हीही जा मागोमाग." मग माझ्याकडे वळली. "बाय, तू घरी जाऊन दूध घेऊन ये. हे लोक विसरलेत."