कोरडी गळती

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील तर ते आमच्या मिस्त्रीमामांचे, आणि हवेशी इतकं उघड वैर धरलेला माणूस अर्जुनी मोरगावपासून इटियाडोहच्या धरणापर्यंत दुसरा सापडायचा नाही. माणसाला श्वास घ्यायला हवा लागते एवढं ते नाइलाजाने मान्य करतात. त्याखेरीज हवेने जगात काही बरं केल्याचं त्यांच्या ऐकिवात नाही. चहाचा कप हातात आला की वरचा फेस विझेपर्यंत ते त्याला तोंड लावत नाहीत. लग्नात कोणी थंड्या बाटलीचा आग्रह केला तर झाकण काढून ती मांडवाच्या खांबाशी ठेवून देतात आणि पंगती उठल्यावर, तिच्यातला शेवटचा बुडबुडा निघून गेल्याची खात्री करून, उसाच्या रसासारखी सावकाश पितात. "आता पिण्यालायक झाली," असंही वर म्हणतात. जत्रेत फुगे विकणाऱ्याकडे तर ते अशा नजरेने बघतात की तो आपण होऊन पुढे सरकतो.

ते आईच्या माहेरच्या गावचे, म्हणून मामा. आता राहतात आमच्याच गावात, बाकी रक्ताचं नातं काही नाही. आमच्या गावाहून अर्जुनीला एक खासगी बस जाते. तिचा मुक्काम मामांच्या दारासमोरच्या चिंचेखाली असतो आणि तिची सगळी दुखणीखुपणी गेली बावीस वर्षं मामाच बघतात. तिचं मुख्य दुखणं एकच, डिझेलच्या नळीत हवा शिरणं. पंप टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे नेतो. वाटेत कुठे सुईच्या टोकाएवढी फट असली तरी डिझेलबरोबर हवाही ओढली जाते, इंजिन आचके देतं आणि बंद पडतं. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि फेसाळ डिझेल वाहून जाऊन स्वच्छ धार लागेपर्यंत हातपंप मारत बसायचं. याला हवा काढणं म्हणतात, आणि हे कोणताही ड्रायव्हर करतो. पण हवा शिरली कुठून हे शोधणं म्हणजे मामांचं काम. मी कॉलेजात जायला लागलो तेव्हा एकदा त्यांनी मला बसखाली ओणवं करून ती नळी दाखवली होती.

"टाकी फुटली तं डिझेल गळते, ते आंधळ्यालेही समजते," ते म्हणाले. "पण ही ओढणारी नळी हाय, बाबू. हिच्यातून बाहेर काही येत नाही, अंदर जाते. बाहेरून पाह्यशील तं कोरडी ठणठणीत. याले कोरडी गळती म्हणतात."

असं दुसरं कोणी म्हणत असेल असं मला वाटत नाही.

ही गळती शोधायची त्यांची रीत अशी की टाकीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून सायकलच्या पंपाने आत हवा भरायची, म्हणजे जिथून एरवी हवा आत शिरते तिथूनच ती फुसफुसत बाहेर येते. ती फुसफुस ऐकायला मामा रबरी नळीचं एक टोक कानात घालत आणि दुसरं टोक एकेका जोडावरून फिरवत. साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघणारे मिस्त्री त्यांना कच्चे वाटत. "ते कपडे धुवाचं काम हाय," म्हणत. नळी कानात गेली की सगळ्या बसने चूप राहायचं. एकदा इटियाडोहच्या कालव्याजवळ बस बंद पडली तेव्हा त्यांनी उतारूंना तर गप्प केलंच, पण एका बाईचं पोर रडत होतं म्हणून तिला पार धानाच्या बांधावर पाठवलं. शेवटी एक बकरी तेवढी राहिली. तिच्या मालकाने तिचं तोंड हातात धरलं आणि मामा नळी कानात तशीच ठेवून म्हणाले, "हां, आता ऐकू येऊन राहिलं."

जोडांत बसणारे तांब्याचे वायसर, म्हणजे वॉशर, वापरून कडक होतात. ते लालबुंद तापवून पाण्यात टाकले की पुन्हा नरम होतात आणि घट्ट बसतात. मामा हे काम घरच्या चुलीत, भात शिजतानाच उरकून घेत. मामी होत्या तोवर त्यांचा यावर मोठा आक्षेप होता. त्यांच्या घरी जेवताना एकदा वांग्याच्या भाजीत माझ्या दाताखाली वायसर आला. मामींनी कपाळावर हात मारला. मामांनी तो बोटांत घेऊन वाकवून पाहिला आणि समाधानाने म्हणाले, "मस्त नरम झाला." मामी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी रायपूरला दिली आहे. आता चुलीत वायसर टाकायला कोणी अडवत नाही, तर मामांनी ती सवयच सोडली.

माणसांची तपासणीही ते याच शास्त्राने करत. कोणाला नोकरी लागली, कोणी गाडी घेतली, की मामा लांबून बघून सांगत, "यानं हवा घेतली. आता आचके देईन." मी आमच्या घरातला शिकलेला पहिलाच. पुस्तक म्हणजे भिंतीवरच्या तसबिरीत, निळ्या कोटातल्या बाबासाहेबांच्या हातात होतं तेवढंच, आणि तेही घरात कोणाला वाचता येण्यासारखं नव्हतं. बारावीचा निकाल लागला तेव्हा मामांनी पेढा घ्यायच्या आधी अंगठ्याने माझी टाळू दाबून पाहिली. "अजून नाही शिरली," असा निर्वाळा दिला आणि मगच पेढा तोंडात टाकला. पुढे बी.ए. झालो तेव्हा दोनदा दाबून पाहिली.

आणि ते बी.ए. मी झालो ते कसं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शेवटच्या वर्षाच्या पहिल्याच पेपरला बस अर्ध्या वाटेत बंद पडली. पेपर अकराचा, घड्याळात दहा वाजून गेलेले. नशिबाने मामा बसमध्येच होते, पण त्या दिवशी फट शोधत बसायला वेळ नव्हता. मामांनी टाकीकडची नळी सोडूनच दिली, पाच लिटरचा डिझेलचा डबा घेतला, त्यातून एक बारीक नळी थेट पंपाला जोडली आणि डबा खांद्यावर उंच धरून इंजिनाच्या झाकणाशेजारी बसले. "चाल," ते ड्रायव्हरला म्हणाले. अर्जुनीपर्यंत त्यांनी खांदा बदलला नाही. खड्डा आला की डिझेल त्यांच्या मानेवरून आत उतरायचं. मी उतरलो तेव्हा पावणेअकरा झाले होते आणि मामा डोक्यापासून बनियनपर्यंत चिंब होते. म्हणाले, "जाय. पहिले डोस्क्यातली हवा काढ, मंग लिही." तेव्हापासून मी कोणतंही काम सुरू करण्याआधी एक मिनिट स्वस्थ बसतो.

पुढे मला कोल्हापूरकडच्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. गाव चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. पण मी "येऊन राहिलो" म्हणालो की मुलं हसतात, म्हणून हळूहळू मी बोलणंच कमी केलं. सुरुवातीला दर रविवारी मामांना फोन करायचो. मी विचारायचो, "मामा, तब्येत कशी आहे?" ते म्हणायचे, "हो, पाऊस झाला ना." मी विचारायचो, "जेवलात का?" ते म्हणायचे, "आईले सांगतो." आणि दोन मिनिटांत "बरं, ठेवतो." मला वाटलं, आपल्या बोलण्याचा त्यांना कंटाळा येतो. किंवा आपण हवा घेतली आहे आणि ती त्यांना फोनवरूनही कळली आहे. हळूहळू मी फोन करणं सोडलं. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं.

मागच्या दिवाळीत घरी गेलो तर बस चिंचेखाली उभी, तिच्याखालून मामांचे पाय बाहेर आलेले. आई म्हणाली, नऊ दिवस झाले, रोज बंद पडते आणि मामांना फट सापडत नाही. मी जवळ गेलो तेवढ्यात गोंदियाहून बसचे मालकही आले. माणूस वाईट नाही. त्यांनी खाली वाकून मोठ्या आवाजात सांगितलं, "मामा, सोमवार तक देख लो. फिर मैं गोंदिया से दूसरा मिस्त्री लाऊंगा. आपकी भी उमर हो गई, अब आराम करो." मामा बाहेर आले, मान हलवली आणि परत आत गेले. आराम करायचा म्हणजे काय करायचं हे त्या माणसाला कोणी सांगू शकलं नसतं. त्या घरात आता बोलायला भिंती होत्या आणि दारासमोर ती बस होती. बस दुसऱ्याच्या हातात गेली की भिंतीच उरणार.

मालक गेल्यावर मी बसखाली सरकलो. मामांच्या कानात नळी नव्हती. चाकामागे, कोणाला दिसू नये अशी, साबणाच्या पाण्याची वाटी ठेवलेली होती. मी वाटीकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"काऊन पाहून राहिला बे असा?" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "दोन वर्ष झाले. फुसफुस ऐकू येत नाही मले. तुहा फोन आला की नुसतं 'हो हो' करतो. काय बोलतो ते समजत नाही. कोणाले सांगू नको."

मी उगीच वर बघितलं. पंपाच्या अलीकडे मामांनी फार वर्षांपूर्वी हातभर पारदर्शक नळी बसवली होती, आतून जाणारे बुडबुडे डोळ्यांना दिसावेत म्हणून. त्या नळीचा त्यांना फार अभिमान. ती आता पिवळी पडली होती. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "मामा, हिला साबण लावला का?"

"हिले कायले? हे तं मीच बसवली हाय."

बोलून ते स्वतःच थांबले. नऊ दिवस त्या काचेसारख्या नळीत बुडबुडे बघून ते टाकीकडचा एकेक जोड उघडत होते. बघायच्या खिडकीतूनच हवा येत असेल हे कोणाच्या मनात येणार? त्यांनी बोट वाटीत बुडवलं आणि नळीचं टोक आवळणाऱ्या पट्टीवरून फिरवलं. मी बाहेर येऊन टाकीला लावलेला सायकलचा पंप मारला. पुन्हा खाली वाकलो तर पट्टीच्या कडेने पांढरा फेस फुलून वर येत होता आणि आयुष्यभर फेसाचा तिटकारा केलेले मामा उताणे पडून त्याच्याकडे बघून हसत होते.

"याच्या मायची," ते म्हणाले. "किती नरम नळी होती. कडक झाली आणि मले सांगतलं नाही."

मामांनी नवी नळी बसवली आणि सोमवारी बस वेळेवर सुटली. मामांचं गुपित मी इथे लिहितो आहे, कारण पुढे, मी परत गेल्यावर काही महिन्यांनी, त्यांनी स्वतःच ते मालकांना सांगून टाकलं. मालक म्हणाले, "अरे मामा, ये तो पूरी बस जानती है. इसीलिए तो सब चिल्ला के बात करते हैं." आणि मिस्त्री बदलला नाही.

मी निघालो तेव्हा मामा बसच्या दारापर्यंत आले. "चिठ्ठी लिहीत जा," म्हणाले. "चौथी पास हाय मी. मोठं अक्षर काढ. आणि हवा भरू नको तिच्यात." कोल्हापूरकडे परतल्यावर मी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. फार फेस होता. मग कागद समोर ठेवून एक मिनिट स्वस्थ बसलो. जे पत्र शेवटी पाठवलं ते असं:

प्रिय मामा,

सविनय जयभीम. मी सुखरूप पोचलो. नवी नळी कडक झाली का ते दर महिन्याला दाबून बघा. वर्षभर फोन केला नाही, चूक माझी होती. मला वाटलं तुम्ही रागावलात. आता दर रविवारी पत्र टाकीन.

शाळा ठीक आहे. खोली कोरडी आहे, गळत नाही. पण मामा, संध्याकाळी शाळा सुटली की इथे मला करमत नाही. बाहेरून कोणाला दिसत नाही.

तुमचं मी कोणाला सांगितलं नाही. माझं तुम्ही आईला सांगू नका.

तुमचा,
बाबू