दोन नवरदेवांच्या मंगलाष्टका

सानगडीच्या आसपास कुणाचं लग्न जमलं की मंगलाष्टकांसाठी मला निरोप येतो. मी गावच्या शाळेत मराठी शिकवायची. आवाज बरा आहे आणि आजोबा, आत्या, मामा सगळ्यांना शार्दूलविक्रीडितात कोंबून बसवायची सवय आहे, त्यामुळे निवृत्तीनंतर हेच माझं काम होऊन बसलं. भटजी मंत्र म्हणतात, माईक माझ्याकडे असतो. उन्हाळ्यात तर कधी कधी सकाळी एका गावात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात अशी माझी धावपळ चालते.

माझी धाकटी बहीण फार लवकर गेली. तिचा मुलगा माझ्या घरी वाढला. आज तो जवाहरनगरला कारखान्यात आहे, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो. करडीला त्याचा एक मित्र, धानाची शेती करणारा. सुट्टी लागली की पोरगा करडीला. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या दिवसांत तर फोन केला की मागून बायांची गाणी ऐकू यायची आणि हा धापा टाकत म्हणायचा, "मावशी, चिखलात आहो, मंग करतो." पुढे पुढे मी त्याच्यासाठी मुली बघणं बंद केलं. त्याने कधी काही सांगितलं नाही, पण घरातल्या माणसाला कळतं तसं मला कळलं होतं.

गेल्या दिवाळीनंतर दोघं मोटारसायकलवरून माझ्याकडे आले. मी चहा ठेवला. मित्र दाराजवळच्या खुर्चीत ताठ बसून होता, सासुरवाडीला आलेल्या माणसासारखा. पोरगा स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभा राहिला.

"मावशी, आमचं लगन लावून देशीन का?"

मी साखरेचा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"कायद्यानं होत नाही, माहीत आहे ना तुले?" मी म्हटलं.

"माहीत आहे. कायद्याचं नाही म्हणून राहिलो मी. चार माणसं असावी, अक्षता पडाव्या, अन् तू म्हणावं. भटजी कोणी येनार नाही, त्याची गरजही नाही. तू म्हटलं की झालं."

"अन् याच्या घरी?"

बाहेरून मित्रानेच उत्तर दिलं. "मायले सांगितलं, मावशी. ते म्हणे, आता कायले सांगतं, मले कवाचंच दिसते. बावाले तिनंच सांगितलं."

"मग, वडील काय म्हणाले?"

"उठून धानाच्या बांधीवर गेले."

मी चहात साखर दोनदा घातली. तिघांनी तो पाक मुकाट्याने प्यायला. मी हो म्हटलं, तेव्हा माझा पोरगा लहानपणी निकालाच्या दिवशी हसायचा तसा हसला.

हो म्हणणं सोपं होतं, लिहायला बसले तेव्हा घाम फुटला. इतकी वर्षं माझी प्रत्येक ओळ वधूपाशी सुरू होऊन वरापाशी संपायची. लक्ष्मी-नारायण आले, चंद्र-रोहिणी आली, लाजरी नवरी आली. ते सगळं बाजूला ठेवल्यावर हातात काय उरतं, हेच मला समजेना. शेवटी ठरवलं की या दोघांचं जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहायचं. पोरगा तापाने पडला होता तेव्हा करडीहून दुधाची कॅन घेऊन कोण आलं, खुरपणीला कोण वाकलं, हे. ते लिहिता लिहिता मला कळलं की आजवर शेकडो जोडप्यांसाठी मी गायले, पण त्यांच्याबद्दल मला काहीच ठाऊक नसायचं. या वेळी ठाऊक होतं. दोन ओळी अशा जमल्या:

दोघांचे घर एक हो, पिक पिको, चिंता न येवो मधी
हातांनी धरलेत हात तर ते सोडू नका रे कधी

धान निघून खळं मोकळं झाल्यावरचा दिवस ठरला. करडीला त्यांच्या शेतात, बोडीच्या काठावर. बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं लहान तळं. मी आदल्या दिवशीच पोचले. मित्राच्या आईने मला अंगणातच धरलं. "बाई, शेजाऱ्यायले मी साफ सांगून देलं. म्हटलं, पोराचं लगन आहे, त्याच्या दोस्तासंग. ज्यायले यायचं ते या, नाही त्यायचं जेवन वाचलं."

"मग काय म्हणाले लोक?"

"दोघी-तिघी म्हणाल्या, वांग्याची भाजी आमी करतो. एकीनं दार लावून घेतलं. आपलं आपलं असते."

सकाळी मांडव तयार होता, टेंट हाऊसचा, गुलाबी-पिवळ्या कापडाचा. कारखान्यातली पाच-सात मंडळी बायका-मुलांसह आली. दोघांना हळद लागली. पण मित्राचे वडील कुठेच नव्हते. पहाटेच बैलगाडी जुंपून निघून गेले, कुठे ते कुणाला सांगितलं नव्हतं. मित्र हळदीच्या अंगाने पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होता. त्याची आई म्हणाली, "यायचं तर येतीन. तुमी उभे व्हा." तिचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता.

दोन पाट मांडले. मी माईक हातात घेतला आणि तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाडी बांधाबांधाने येत होती, आणि तिच्यावर जांभळाच्या हिरव्या डाहाळ्यांचा एवढा ढीग होता की पुढे बसलेला माणूस दिसत नव्हता. गाडी मांडवाशी थांबली. बुवा, म्हणजे मित्राचे वडील, खाली उतरले. सडपातळ, डोक्याला दुपट्टा बांधलेला. त्यांनी वर कापडाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"मांडवावर जांभूळ नाही टाकलं," ते म्हणाले. "हे लगन आहे का बारसं?"

आमच्याकडे लग्नाच्या मांडवाला जांभळाच्या डाहाळ्या लागतातच; सगळे गाडीभोवती जमले.

"पाहून का राहिले? उतरवा."

मग एकच गडबड उडाली. कारखान्यातल्या साहेबांनी बाह्या वर केल्या, शेजारच्या बाया पदर खोचून आल्या, आणि सगळ्यांनी मिळून त्या गुलाबी कापडावर जांभळाच्या डाहाळ्या चढवल्या. नवरदेवांनाही सोडलं नाही. पिवळ्या अंगाने दोघं बांबूवर चढले आणि खालून बुवा सांगत राहिले, "तिकडं टाका, ऊन येऊन राहिलं." मुहूर्त केव्हाच टळून गेला. मुहूर्त मीच काढलेला होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

अंतरपाट धरायला एक बाजू शेजाऱ्याने घेतली. दुसरं टोक बुवांनी कुणी न सांगता उचललं. मी गायला लागले. त्या दोन ओळींपाशी आले तेव्हा आवाज जरा हलला, पण वृत्त सुटू दिलं नाही. शुभमंगल सावधान म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि तांदळाचा असा मारा झाला की दोघांना डोळे उघडता येईनात.

मग मी दोघांना म्हटलं, एकमेकांना जे सांगायचं ते सगळ्यांसमोर सांगा. माझ्या पोराने बरंच पाठ करून आणलं होतं, ते सगळं विसरला आणि नुसता म्हणाला, "मी इथंच राहायले येतो." मित्र मुळात बोलणारा नव्हे. खाली बघत म्हणाला, "मी याले एकट्याले जेवू देनार नाही." बायांमध्ये कुणीतरी नाक ओढलं. हळकुंडाची कंकणं दोघांनी एकमेकांच्या मनगटाला बांधली, हार घातले. मंगळसूत्राचा प्रश्न बुवांच्या बायकोने आधीच निकालात काढला होता: "बांधायचं कोनाले? नको ते."

पंगतीत बायांनी अडवलं. नाव घेतल्याशिवाय घास नाही. सगळ्यांना वाटलं, शिकलेला पोरगा पटकन घेईल. तो लाजून लाल झाला. मित्राने मात्र पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "बोडीत पानी, बांधीत धान," मग माझ्या पोराचं नाव, आणि "आला तं घराले आली शान." बायांनी ताटं वाजवली. बुवा वांग्याची भाजी वाढत होते. ते थांबले नाहीत, पण माझ्या पोराच्या पानात भाजी दोनदा पडली.

परतीच्या एस.टी.त माझ्या शेजारी साकोलीकडची एक बाई बसली. माझ्या केसांतले तांदूळ तिला दिसले. "कोनाचं लगन होतं?"

"माझ्या पोराचं."

"सून कोठची?"

क्षणभर मी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हटलं, "सून नाही. पोराचं लगन पोरासंग झालं. करडीचा आहे. शेती करते."

तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. गाडीने पुढचा थांबा घेतला, माणसं चढली-उतरली. मग तिने विचारलं, "पान्याची सोय आहे का शेतीले?"

"बोडी आहे," मी म्हटलं. "बारमाही."

"मंग बरं आहे," ती म्हणाली, आणि पिशवीतून दोन संत्री काढून एक माझ्या हातावर ठेवलं.

त्या हंगामात दोन घरांनी मला मंगलाष्टकांना बोलावलं नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. बाकीच्यांनी बोलावलं. आता मी कुठलंही लग्न असो, गाण्याआधी दोघांना समोर बसवते आणि विचारते, एकमेकांचं काय पाहिलंय ते सांगा. बहुतेक जण आधी हसतात. मग सांगायला लागतात, आणि मी लिहून घेते.